सांग बघू, मी कोण?

ग्रीकांच्या एका जुन्या कोड्यापासून सुरुवात करते. अथेन्सचा वीर थीसिअस क्रीट बेटावरून तरुण मुलामुलींना सोडवून ज्या तीस वल्ह्यांच्या गलबतातून परत आला, ते गलबत अथेन्सच्या लोकांनी आठवण म्हणून जपून ठेवलं. लाकूडच ते, कुजणार. एक फळी कुजली की ती काढायची आणि तिथे नवी ठोकायची. असं करता करता जुन्या फळ्या संपत आल्या. मग तिथल्या विचारवंतांत वाद सुरू झाला. काही म्हणाले, गलबत तेच आहे. काही म्हणाले, छे, आता ते राहिलं नाही. ही हकिगत प्लूटार्कने लिहून ठेवली आहे. पुढे सतराव्या शतकात हॉब्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने तिला आणखी एक पीळ दिला. समजा, काढलेल्या जुन्या फळ्या कुणी टाकून न देता साठवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरं गलबत उभं केलं, तर मग खरं कोणतं?

मी चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. आठवीच्या वर्गात हे कोडं घातलं असतं तर निम्मा वर्ग इकडे आणि निम्मा तिकडे झाला असता, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी नक्की विचारलं असतं, "बाई, पण त्या फळ्यांचं बिल कुणी भरलं?" हसण्यावारी नेऊ नका. हा तिसरा प्रश्नच मला अलीकडे सगळ्यांत महत्त्वाचा वाटू लागला आहे. का, ते पुढे येईलच.

आपल्याकडे हे कोडं निराळ्या रूपात आहे. ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजे आपला मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद पाली वाङ्मयात आहे. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे नक्की काय? चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? यातलं एकेक म्हणजे रथ नव्हे, आणि हे सगळं बाजूला काढलं तर रथ म्हणून वेगळं काही उरत नाही. तसंच माणसाचं, असं नागसेनाचं म्हणणं. इतकं लांब तरी कशाला जायचं? आषाढात आपल्या दारावरून जाणारी दिंडी घ्या. शंभर वर्षांपूर्वी तिच्यात चालणारं एकही माणूस आज हयात नाही. वीणेकरी बदलले, टाळकरी बदलले, तरी आपण म्हणतो, "ही अमक्यांची दिंडी, माझे आजोबा हिच्यातच चालायचे." तिथे आपल्याला कसलंच कोडं पडत नाही.

मंडळी, हे सगळं आज लिहायचं कारण एक चित्रपट आहे, आणि दुसरं कारण आमच्या घरातलं एक वाक्य आहे. वाक्याकडे नंतर येते, आधी चित्रपट.

'शिप ऑफ थीसिअस' हा आनंद गांधी यांचा चित्रपट. २०१२ साली टोरँटोच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला, २०१३ च्या जुलैमध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. मी तो बऱ्याच उशिरा पाहिला. नातवाने लॅपटॉपवर लावून दिला आणि "आजी, स्लो आहे हं" असा इशारा देऊन तो खेळायला पळाला. चित्रपट संथ आहे हे खरंच. पण आम्ही सत्यजित राय पाहिलेली माणसं, संथपणाला घाबरत नाही! नंतर मी तो पुन्हा एकदा पाहिला.

तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही मुंबईशी जोडलेल्या. पहिली आलियाची. ही इजिप्तमधून आलेली छायाचित्रकार. तिची दृष्टी गेलेली आहे. आवाजाचा कानोसा घेऊन, आणि कॅमेऱ्यात काय आलं हे सांगणाऱ्या यंत्राच्या नि मित्राच्या मदतीने ती फोटो काढते, आणि तिचे फोटो नावाजले जातात. मग कॉर्नियाचं प्रत्यारोपण होऊन तिला दिसू लागतं. आनंदीआनंद व्हायला हवा ना? तर नाही. डोळे आले आणि तिचा हात अडखळू लागला. आता तिला स्वतःचेच फोटो पसंत पडेनात.

दुसरी गोष्ट मैत्रेय नावाच्या साधूची. प्राण्यांवर होणाऱ्या औषधांच्या चाचण्यांविरुद्ध तो उच्च न्यायालयात लढतो आहे. त्यालाच यकृताचा विकार होतो. औषध घ्यायचं तर ते प्राण्यांवर तपासलेलं, आणि न घ्यावं तर मरण समोर. चार्वाक नावाचा एक तरुण, वकिलाकडे काम शिकणारा, त्याच्याशी वाद घालत राहतो. नाव चार्वाक ठेवलं आहे ते अर्थातच मुद्दाम! बुरशीची एक जात मुंगीच्या शरीरात शिरून तिला आपल्या मर्जीने कशी चालवते, हे तो साधूला ऐकवतो. म्हणजे मुंगी जिथे चालली आहे तिथे तिला जायचंय, की बुरशीला? आणि आपल्या पोटातले जंतू? शास्त्रज्ञांचा आजचा अंदाज असा की माणसाच्या शरीरात जितक्या स्वतःच्या पेशी असतात, साधारण तितकेच जिवाणूही असतात. मग 'मी' म्हणून जो मिरवतो तो नक्की कोण? शेवटी मैत्रेय प्रत्यारोपणाला तयार होतो. जगायची ओढ जिंकते. मला त्यात त्याचा पराभव दिसला नाही.

तिसरी गोष्ट नवीन नावाच्या शेअर दलालाची. याला नवी किडनी बसली आहे. आजी चळवळीतली, नातू पैशातला, त्यामुळे दोघांचं सारखं वाजतं. रुग्णालयात त्याला शंकर नावाच्या एका मजुराची हकिगत कळते. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेच्या नावाखाली त्याची किडनीच कुणी काढून घेतली आहे. नवीन हादरतो. आपल्या पोटातली किडनी याचीच तर नाही? ती त्याची नसते. पण आता त्याला गप्प बसवत नाही. माग काढत तो थेट स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला जातो, शंकरची किडनी ज्याला बसवली आहे त्या माणसाच्या दारात. शेवटी शंकर काय करतो? किडनीचा आग्रह सोडतो आणि पैसे घेतो. न्याय पूर्ण होत नाही. आपल्या हातून एवढंच होतं, अशा सुरात आजी त्याची समजूत घालते.

अखेरीला कळतं की तिघांना मिळालेले अवयव एकाच माणसाचे होते. हा माणूस गुहा धुंडाळायचा. त्याने स्वतः गुहेत केलेलं चित्रण पाहायला या तिघांना आणि त्याचे अवयव मिळालेल्या इतरांना बोलावलं जातं. अंधारी गुहा, दिव्याचा उजेड आणि भिंतीवर त्या माणसाची सावली. त्याच्या फळ्या आता इतक्या गलबतांत वाटल्या गेल्या आहेत आणि ती सगळी एका खोलीत बसून त्याची सावली पाहत आहेत. हॉब्सचं दुसरं गलबत असं एका जागी गोळा झालेलं पाहून मी थक्क झाले.

चित्रपटाचं कौतुक पुष्कळांनी केलंय, त्यात मी भर घालत नाही. मला माझं मत सांगायचं आहे. पहिल्या दोन गोष्टींत 'मी' म्हणजे ज्याची त्याची खासगी मालमत्ता आहे. माझी नजर, माझं तत्त्व, माझं मरण. तिसऱ्या गोष्टीत प्रश्न उलटा होतो. माझ्यात जे आहे ते कुणाचं आहे, आणि मी कुणाचं देणं लागतो? पहिल्या दोघांना पडलेला प्रश्न "मी कोण?" असा आहे, नवीनला पडलेला प्रश्न "मी कुणाचा?" असा आहे. आणि माझ्या मते हा दुसरा प्रश्न सुटला तरच पहिला थोडाफार सुटतो. मागच्या बाकावरचं ते पोरगं हेच विचारत होतं. फळ्या कुणी आणल्या, कुणी ठोकल्या? अथेन्सचं गलबत इतकी वर्षं 'तेच' राहिलं, कारण त्याला 'तेच' मानून दुरुस्त करणारी माणसं पिढ्यान् पिढ्या तिथे होती. ती माणसं नसती तर एकही फळी न बदलताही ते गलबत संपलं असतं, किनाऱ्यावर नुसतं लाकूड पडून राहिलं असतं. दिंडीचंही तसंच.

आता चित्रपटात काय नाही ते बघा. डोळे आहेत, यकृत आहे, किडनी आहे. मेंदू मात्र नाही! असणारच नाही म्हणा. आपल्याकडच्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यानुसार मेंदू कायमचा बंद पडला की हृदय चालू असलं तरी माणूस मेला असं धरता येतं, आणि म्हणूनच बाकीचे अवयव दुसऱ्याला देता येतात. बाकी सगळं देण्याघेण्यासारखं, पण मेंदू गेला की माणूस गेला, हे आपण सगळ्यांनी मनोमन मान्य केलं आहे. १९६८ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, तेव्हा मी नुकती कॉलेजात जाऊ लागले होते. तो रुग्ण काही तासच जगला. पण आमच्या आळीत चर्चा काय? तर दुसऱ्याचं काळीज बसवल्यावर हा माणूस स्वतःच्या बायकोवर प्रेम करील की त्या दुसऱ्याच्या? आज असं कुणी विचारत नाही. काळजाची जागा आता मेंदूने घेतली आहे, इतकाच फरक.

आणि इथेच आमच्या घरातलं ते वाक्य येतं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, आता ब्याऐंशी वर्षांची आहे. गेली सहा वर्षं तिला स्मृतिभ्रंश आहे. पुण्याला ती मुलाकडे असते. मला ती ओळखत नाही. मी गेले की "या बाई, बसा" म्हणते आणि सूनबाईला हाक मारून "पाहुण्यांना चहा टाक गं" असं सांगते. परवा घरातल्या एका लग्नाची बोलणी चालली होती, अक्काला आणायचं की नाही असा विषय निघाला, आणि कुणीतरी म्हणालं, "कशाला? ती आता आपली अक्का राहिलीच नाहीये. तिला काय कळणार आहे?"

बोलणारं माणूस वाईट नाही. मायेतलंच आहे. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. कारण हे नुसतं एका घरातलं वाक्य नाही, ते एक तत्त्वज्ञान आहे. आठवण म्हणजे माणूस, आठवण गेली की माणूस गेलं, असं ते तत्त्वज्ञान. त्याला मोठा आधारही आहे. जॉन लॉक या इंग्रज विचारवंताने १६९४ साली असंच काहीसं मांडलं. आपल्या कालच्या कृती 'माझ्या' म्हणून ज्या जाणिवेला आठवतात, तेवढा तो माणूस. राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात शिरली तर तो देह चांभाराचा, पण माणूस राजपुत्र. ऐकायला पटतं.

पण पुढे १७८५ साली थॉमस रीड या स्कॉटिश विचारवंताने त्यावर जी शंका काढली ती मला फार आवडते, कारण ती शाळेतली आहे. एका मुलाला फळबागेत चोरी केली म्हणून शाळेत फटके बसतात. तो मोठा होऊन सैन्यात जातो आणि पहिल्याच मोहिमेत शत्रूचा झेंडा हिसकावून आणतो. तेव्हा त्याला शाळेतले फटके आठवत असतात. म्हातारपणी तो सेनापती होतो. आता त्याला झेंड्याचा पराक्रम आठवतो, फटके मात्र साफ विसरलेले असतात. लॉकच्या हिशेबाने सेनापती आणि तो तरुण अधिकारी एकच, तो अधिकारी आणि तो मुलगा एकच, पण सेनापती आणि मुलगा मात्र एक नाहीत! हे कसं चालेल? तुम्हीच बघा, वयाच्या दुसऱ्या वर्षातलं तुम्हाला काय आठवतं? काही नाही. म्हणून त्या पाळण्यातलं बाळ म्हणजे तुम्ही नव्हता का? त्या बाळाला कुणी "याला काय कळतंय" म्हणून बारशाला आणायचं टाळलं होतं का? अहो, बारसं त्याचंच होतं!

बाळाला आठवत नव्हतं तेव्हा त्याचा 'मी' आईने सांभाळला. नाव ठेवलं, त्या नावाने हजार वेळा हाक मारली, तेव्हा कुठे ते वळून बघायला लागलं. म्हणजे आपला 'मी' सुरुवातीला दुसऱ्यांच्याच ताब्यात असतो आणि मधली साठ-सत्तर वर्षं आपण तो स्वतः बाळगतो. मग अखेरीला तो पुन्हा दुसऱ्यांच्या हाती सोपवायची वेळ आली, तर त्यात विपरीत ते काय?

योगायोग बघा. 'शिप ऑफ थीसिअस'मधल्या आलियाच्या भूमिकेसाठी आयदा अल-काशिफ हिला सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो तिला विभागून मिळाला होता, आणि दुसरी मानकरी होती आपली अमृता सुभाष, 'अस्तु' या मराठी चित्रपटासाठी. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट. पहिल्या चित्रपटाने जो अवयव वगळला त्याचीच गोष्ट या दुसऱ्याने सांगितली आहे. डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणी शास्त्री उभे केले आहेत. त्यांची स्मृती विझत चालली आहे. एके दिवशी मुलीची नजर चुकवून ते एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात आणि हत्तीवाल्यांच्या पालावर पोचतात. तिथली चन्नम्मा, म्हणजे अमृता सुभाष, त्यांना लेकरासारखं सांभाळते, आणि ते तिलाच आई म्हणू लागतात. त्यांचं नाव, त्यांची विद्वत्ता तिला ठाऊक नाही. ते कोण होते हे न विचारता ती त्यांना जपते. इकडे मुलगी इरा शोधून शोधून दमली आहे. ते कोण होते हे तिला पुरेपूर ठाऊक आहे, आणि तेच तिला जड झालं आहे.

'अस्तु' मला अतिशय जवळचा वाटला. तरी एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. चन्नम्माकडे बघून आपल्या डोळ्यांत पाणी येतं, पण चन्नम्माने एवढ्याशा वेळापुरतं सांभाळलं. आमच्या सूनबाई सहा वर्षं सांभाळताहेत. रात्री तीन वाजता अक्का उठून दार उघडायला बघते, "मला घरी जायचंय" म्हणते, तेव्हा तिला धरून पुन्हा अंथरुणावर आणायचं, चादर बदलायची आणि सकाळी सातला स्वतःच्या नोकरीला निघायचं. एकदा ती मला म्हणाली, "मावशी, आई गेल्या असं कधीकधी मनात धरते, म्हणजे मग या ज्या आहेत त्यांच्यावर चिडचिड होत नाही." हे वाक्यही वरच्या वाक्यासारखंच दिसतं, पण ते तसं नाही. जो रोज फळी ठोकतो आहे त्याला दमून "हे गलबत आता ते नाही" म्हणायचा अधिकार आहे. किनाऱ्यावरून नुसतं बघणाऱ्यांना नाही.

आणि "तिला काय कळणार?" हा प्रश्नही आपण समजतो तितका सरळ नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी अल्झायमर झालेल्या काही रुग्णांना चित्रपटांतले तुकडे दाखवले, काही दुःखाचे, काही हसवणारे. थोड्या वेळाने विचारलं तर काय पाहिलं ते त्यांना जेमतेम आठवत होतं, काहींना तर काहीच नाही. पण त्या तुकड्यांनी मनात उमटलेलं दुःख किंवा आनंद मात्र नंतरही टिकून होता, आणि कारण विसरल्यावरही टिकून होता. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आपण भेटून गेलो हे अक्का अर्ध्या तासात विसरेल, पण आपण दिलेलं बरं वाटणं लगेच पुसलं जाईलच असं नाही. आपण तिच्या देखत तिच्याविषयी जे बोलतो, त्याने झालेला त्रासही तसाच.

तिच्यात काय काय शिल्लक आहे ते बघायला डोळे उघडे ठेवावे लागतात. गेल्या खेपेला मी मेथीची जुडी घेऊन गेले होते. तिच्यापुढे परात ठेवली, वर्तमानपत्र पसरलं. अक्काचे हात आपोआप चालू लागले. पानं परातीत, देठं कागदावर, पिवळं पान बाजूला. एक चूक नाही. आजची तारीख तिला सांगता येत नाही, पण कोवळा देठ कुठला आणि जून कुठला हे बोटांना ठाऊक आहे. आणि मला ओळखत नसतानाही निघताना म्हणाली, "जेवल्याशिवाय जायचं नाही हं." आयुष्यभर दारात आलेल्या प्रत्येकाला ती हेच म्हणत आली. आता सांगा, हे म्हणणारी बाई कोण होती?

आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने ज्या पहिल्या रुग्ण स्त्रीची नोंद केली, ती १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झाली होती. वय एक्कावन्न. मी स्वतःलाच हरवून बसले आहे, अशा अर्थाचं ती बोलली होती अशी नोंद आहे. सव्वाशे वर्षांनीही हे वाक्य ऐकताना पोटात कालवतं. पण थोडं थांबून विचार करा. हरवले, असं म्हणणारी कोण होती? हरवल्याचं दुःख कुणाला झालं होतं? ते दुःख करणारं कुणीतरी आत होतंच ना!

कुणी म्हणेल, बाई, हा शब्दांचा खेळ झाला, मेंदूच्या पेशी मरतात ही वस्तुस्थिती आहे. मान्य. आजार खरा आहे, तो वाढतो आणि आज तरी तो परतवणारं औषध नाही. अक्का पूर्वीसारखी होणार नाही, कदाचित उद्या मेथीही निवडता येणार नाही. आत्मा अमर आहे वगैरे सांगून मी कुणाची समजूत घालत नाही, ते माझ्या आवाक्यातलं नाही. माझं म्हणणं फार छोटं आहे. एखादं माणूस 'ते' राहिलं की नाही, हे नुसतं त्याच्या डोक्यात डोकावून ठरत नाही. ते आपण त्याला काय मानतो आणि त्याच्याशी कसं वागतो, यावरही ठरतं. म्हणून "अक्का आता अक्का राहिली नाही" हे निव्वळ निरीक्षण नव्हे. तो आपण घेतलेला निर्णय आहे, आणि निर्णय म्हटला की जबाबदारी आली.

तर नातलगहो, आता तुमच्याशी थोडं रोखठोक.

लग्नाचं म्हणाल तर अक्काला हॉलवर नेऊ नका. बँड, लाउडस्पीकर, पाचशे माणसं, ती घाबरून जाईल. पण हळदीच्या दिवशी सकाळी, घरातली दहा-बारा माणसंच असताना तिला आणा. खुर्चीवर बसवा. तिच्या हाताने नवरीला हळद लावू द्या. नाव चुकेल, हात चुकणार नाही. त्यानंतर तासाभराने घरी सोडा. सूनबाईला त्या दिवशी लग्नघरात मनमोकळं वावरू द्या, अक्काजवळ आपल्यातलं कुणीतरी आळीपाळीने बसेल. पहिली पाळी माझी.

पुण्यात आपली पाच घरं आहेत. महिन्यातला एक रविवार एका घराने घेतला तर सूनबाईला दर रविवारी चार तास मोकळे मिळतील. फार नाही मागत मी.

आणि शेवटचं. दारातून आत गेल्या गेल्या तिच्यासमोर वाकून "अक्का, सांग बघू, मी कोण?" असं विचारणं कृपा करून बंद करा. सगळे विचारतात, लहान मुलंही आता विचारायला लागली आहेत. तिला उत्तर येत नाही, ती कावरीबावरी होते, ओशाळं हसते, आणि आपण एकमेकांकडे बघून मान हलवतो. मी आयुष्यभर तोंडी परीक्षा घेतल्या आहेत, नापास होणाऱ्या मुलाचा चेहरा मला ठाऊक आहे. ज्या प्रश्नावर नागसेन, लॉक, रीड आणि एवढा मोठा चित्रपट करणारे अडून बसले, तो तुम्ही ब्याऐंशी वर्षांच्या बाईला रोज चहाच्या वेळेला विचारता! उत्तर तुम्हाला येतं, तर तुम्हीच सांगा की. आत जायचं, हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "अक्का, मी तुझा अमका, आणि तू माझी अक्का." बस्स, तेवढं पुरे. त्यातली एक फळी तरी त्या दिवसापुरती पक्की बसते.